शेवटच्या शॉटमधले कांदे

यशवंतआप्पांची आणि माझी पहिली भेट एका रुसलेल्या मामांमुळे झाली. मामा माझे नव्हते आणि आप्पांचेही नव्हते. यवतला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर माझं एडिटिंगचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. आप्पा जिना चढून आले, खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाले, "एडिटर, गाणी तुम्हाला आवडतील ती टाका. फक्त ह्यात पिवळ्या फेट्याचे एक मामा हायेत. त्यांचं काय बी कापू नका."

"नवरीचे मामा का?" मी विचारलं.

"न्हाई. लांबचे हायेत. पण रुसलेत."

लग्नाचं शूटिंग घेण्याआधी आप्पा त्या घरी पहिला प्रश्न कोणता विचारतात, हे मला त्या दिवशी कळलं. मुहूर्त, कार्यालय, लाइटची सोय हे सगळं नंतर. आधी विचारतात, "घरात कोण रुसलंय?" आणि लग्नाच्या दिवशी कॅमेरा चालू झाला की पहिलं तोंड त्या माणसाचं घेतात. नवरा-नवरीच्याही आधी. कारण विचारल्यावर त्यांनी शिरूरकडच्या एका पाहुण्यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या कुणी काढलेल्या कॅसेटमध्ये ते गृहस्थ कुठेच आले नव्हते. पुढे प्रत्येक कार्यात ते भरल्या मांडवात विचारायचे, "लग्नाला व्हतो, कॅशेटीत न्हाई. मंग व्हतो का न्हवतो?"

"ह्याला कोणाला जबाब देता आला न्हाई," आप्पा म्हणाले. "म्हणून आपण तो सवालच येऊ देत न्हाई."

आप्पांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. ग्रंथ ओळखीच्यांच्याच हाती पडतो असं नाही, म्हणून सांगतो. केंदूरचे यशवंतआप्पा शेती सांभाळून शूटिंग करतात. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत त्यांना आडनावानं कुणी ओळखत नाही. शूटिंगवाले आप्पा म्हटलं की पत्ता पुरतो. लग्नं, वास्तुशांती, बैलांच्या मिरवणुका, साखरपुडे असं सगळं त्यांनी टिपलं आहे. पण त्यांच्या हातून एक काम असं झालं की त्यावर पुण्यातल्या सिनेमा शिकणाऱ्या मुलामुलींनी चर्चा ठेवली. ते काम म्हणजे 'बी शिफ्ट' या रॉक बँडच्या 'गेटपास' या गाण्याचा व्हिडिओ. संपादकांनी मला आप्पांच्या कलेविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा मी या एकाच व्हिडिओवर लिहायचं ठरवलं. मी कुठल्या संस्थेत शिकलेलो नाही. मशीन बिघडवत आणि दुरुस्त करत एडिटिंग शिकलो, आणि जे शिकलो ते पक्कं शिकलो. या व्हिडिओतला प्रत्येक कट माझ्या हातचा आहे. तेव्हा पुढे जे लिहितो ते जबाबदारीनं लिहितो.

'बी शिफ्ट' हा सणसवाडीच्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या पोरांचा बँड. ड्रम वाजवणारा मुकेश बिहारचा. गिटारवर दोघे, बेसवर एक, हे तिघे आपल्याच भागातले. आणि गाणारी ऋतुजा, यवतच्या संपतआबांची मुलगी. ती कंपनीत क्वालिटीला आहे. आठवडाभर सणसवाडीत मुलींसोबत भाड्याच्या खोलीत राहते आणि सुट्टीला घरी येते. संपतआबा म्हणजे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन, गावात शब्दाला वजन असलेले गृहस्थ. मुलगी गाते हे त्यांना ठाऊक होतं, पण ते भजनासारखं काहीतरी असेल अशी त्यांची समजूत होती. पोरांसोबत उभी राहून, ड्रमच्या कडकडाटात ती गाते हे कळलं, तेव्हा घरात बोलणं बंद झालं. शेवटी आबांनी तीन अटी घातल्या. व्हिडिओ एकच निघेल आणि मग गाणं बंद, कारण स्थळं बघायला सुरुवात झाली होती. शूटिंग आप्पाच करतील. आणि पोरीचं तोंड कुठंही दिसणार नाही.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिला शब्द. तोंड दिसणार न्हाई."

मी त्या वेळी शेजारी होतो. आबांच्या ओट्यावरून खाली उतरताना न राहवून म्हणालो, "आप्पा, गाणारीचं तोंड नाही म्हणजे व्हिडिओत राहिलं काय?"

"ऱ्हायलेल्या सगळ्यांची तोंडं," आप्पा म्हणाले.

आता व्हिडिओकडे येतो. हा परफॉर्मन्स व्हिडिओ आहे. म्हणजे यात कथा नाही, नट नाहीत. बँड वाजवतो आहे आणि आपण बघतो आहोत, एवढंच. गाणं आधी रेकॉर्ड झालेलं असतं. शूटिंगला ते स्पीकरवर लावतात आणि बँड त्याबरोबर वाजवल्या-गायल्याचं करतो. असे व्हिडिओ बहुतेक वेळा स्टेजवर नाहीतर बंद पडलेल्या कारखान्यात घेतात. बँडच्या पोरांचंही म्हणणं कंपनीची शेड मिळते का बघू, असं होतं. आप्पांनी त्यांना थेट केंदूरला, आपल्या कांदाचाळीत नेलं.

थंडीचे दिवस होते. गेल्या वर्षीचा कांदा विकून झालेला, नवा अजून वावरात, त्यामुळे चाळ मोकळी. चाळीच्या मधोमध बोळ आणि दोन्ही अंगांना कांदा साठवायचे कप्पे. भिंती पट्ट्यांच्या, कांद्याला वारा लागावा म्हणून फटी ठेवलेल्या. थंडीतलं सकाळचं ऊन तिरपं असतं. ते या फटींतून आत येतं तेव्हा एकेका माणसावर उन्हाचे लांब, आडवे पट्टे पडतात. आप्पांनी बाहेरचा एकही दिवा लावला नाही. लग्नातले मोठे दिवे त्यांच्या घरी होते, पण ते म्हणाले, "ह्या उजेडात कांदा बी नासत न्हाई, तर माणूस का नासंल?" व्हिडिओत जो काळा दिसतो तो खरा काळा आहे. मी रंग दुरुस्त करताना तो उजळवला नाही, आणि पोरं मागं लागली तरी निळी झाक दिली नाही. या एका निर्णयाचं श्रेय मी स्वतःकडे घेतो.

कप्प्यांच्या पुढच्या फळ्या काढून आप्पांनी दोघांना एका अंगाला आणि दोघांना दुसऱ्या अंगाला, समोरासमोर बसवलं. ऋतुजाला बोळाच्या पार टोकाला, चाळीच्या दारात उभं केलं, पाठ आमच्याकडे आणि तोंड बाहेरच्या वावराकडे. मग कॅमेरा हातात घेतला, कमरेत वाकले आणि बोळातून चालत निघाले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. प्रत्येकापाशी थांबायचं, त्याच्या तोंडाच्या उंचीला यायचं, मग पुढं.

पुण्याच्या चर्चेत या चालीवर बरीच मतं आली. कुणी म्हणालं, कॅमेरा यंत्रासारखा फिरतो, कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यासारखा. मत वाईट नाही. गाणं कामगारांचंच आहे. पण मी आप्पांचं शूटिंग वर्षानुवर्षं कापलं आहे. मला ती चाल पहिल्याच टेकला ओळखू आली. हा पंगतीचा शॉट आहे. दोन ओळी समोरासमोर बसल्या आहेत आणि कॅमेरा मधून वाढप्यासारखा चालला आहे. वाढपी कुणाला वगळत नाही आणि कुणाच्या डोक्यावरून वाढत नाही. वाकतो, बघतो, मगच पुढं सरकतो.

म्हणून या व्हिडिओत नायक नाही. रॉकच्या व्हिडिओत गिटारचा सोलो सुरू झाला की बोटं दाखवायची, हा नेम आहे. इथं सोलो चालू आहे आणि कॅमेरा बेसवाल्या पोराच्या तोंडावर आहे. तो मान खाली घालून ऐकतोय. मी तिथंच ओरडलो होतो, "आप्पा, सोलो चाललाय, बोटं घ्या बोटं!"

"बोटं ऐकू येत्यात की," आप्पा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. "ह्यो काय करतोय त्ये बघ."

खाली जमिनीवर गेल्या हंगामातल्या कांद्याची वाळकी टरफलं पसरली होती. कुणीतरी झाडू आणला. आप्पांनी तो परत पाठवला आणि मुकेशला त्या टरफलांवरच ड्रम मांडायला लावला.

"चाचा, इसमें तो छींक आएगी," मुकेश म्हणाला.

"आयेगी तो आने दो," आप्पा म्हणाले. "कॅमेरे में सब अच्छा दिखता है."

मोठ्या ड्रमवर पाय पडला की ती गुलाबी टरफलं उडतात, उन्हाच्या पट्ट्यात येऊन चमकतात आणि अंधारात विझतात. ठोका ऐकू येतो तसा तो दिसतोही. एवढ्या एका गोष्टीसाठी मोठ्या कंपन्या मशीन लावतात. आणि दुसऱ्या कडव्याआधी मुकेश मानेला जो जबरदस्त हिसडा देतो, ज्याची नक्कल आता सणसवाडीतली पोरं करतात, ती शिंक आहे. मी ती मोजूनमापून ठोक्यावर बसवली आहे. मुकेशनं कुणाला सांगू नका म्हटलं होतं, पण गौरवग्रंथात खोटं कसं लिहायचं?

कटवरून आमचं वाजलं, तेही लिहितो. मी कट ठोक्यावर घेतो. आप्पांचं म्हणणं, ठोका झाला की बघणारा श्वास घेतो, कट तिथं घे. शेवटी पहिलं कडवं माझ्या पद्धतीनं झालं आणि दुसरं त्यांच्या. चर्चेत दुसऱ्या कडव्याचं कौतुक झालं. मला माझं पहिलं कडवं आजही जास्त आवडतं. आप्पांना हे माहीत आहे, आणि ते मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत. उलट, माझं दुकान नवं होतं, लोक सर्टिफिकेट विचारत होते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पुतणीच्या लग्नाचं काम माझ्याकडे दिलं होतं. सगळ्या भावकीला बसवून ते दाखवलं आणि उठता उठता मोठ्यानं म्हणाले होते, "शूटिंग केंदूरचं, पण एडिटिंग यवतचं बरं का." त्यानंतर माझ्या जिन्यावर सर्टिफिकेट विचारायला कुणी चढलं नाही.

शूटिंगच्या दिवशी संपतआबा स्वतः चाळीत हजर होते. अट पाळली जाते का बघायला आलेले. हात मागं बांधून एका कप्प्याच्या कोपऱ्यात उभे. आप्पांनी ऋतुजाला हळूच विचारलं होतं, "घरात कोण रुसलंय?" ती म्हणाली, "कोण असणार? आबाच." त्यामुळे त्या दिवशी कॅमेरा सुरू झाल्यावर पहिलं तोंड घेतलं गेलं ते आबांचं. त्यांना ते कळलंही नाही. व्हिडिओच्या सुरुवातीला, गाण्याच्या पहिल्या सुराआधी, उन्हाच्या पट्ट्यात एक पांढरी टोपी, पिकल्या मिश्या आणि आवळलेले ओठ दिसतात, ते आबा आहेत.

चैत्रात यवतची यात्रा आली. कार्यक्रमाला मोठा पडदा लावला होता आणि पोरांनी 'गेटपास' लावायला सांगितलं. आबा पुढच्या खुर्चीत. पहिलंच तोंड त्यांचं आल्याबरोबर मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. "आबा आले, आबा बँडमध्ये!" आबा आधी दचकले, मग मिशीतल्या मिशीत हसले. पडद्यावर मुकेश आला, गिटारवाले आले, चाळीत चहा घेऊन आलेल्या आप्पांच्या घरच्या वहिनी आल्या, ट्रॅक्टरवाला आला. ज्याचं तोंड येईल त्याचे लोक ओरडत होते. आवाज मात्र एकाच माणसाचा घुमत होता, आणि ते माणूस पाठमोरं होतं.

गाणं संपलं तसं आबांच्या शेजारी बसलेल्या, त्यांच्याच वयाच्या एका अण्णांनी विचारलं, "आबा, पोरगी गाती म्हणत व्हता. कुठं हाय?"

"ती काय. दारात उभी हाय ती."

"ती व्हय? आवो, पाठ काय कोणाची बी आसंल."

मी मागच्या रांगेत होतो. पडदा विझला तरी आबा तिकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले. आप्पा पुढच्या लग्नाचं काम घेऊन तिथंच बसले होते. ऋतुजा सुट्टीवर होती. ती आबांच्या मागोमाग जिना चढून आली आणि दारातच थांबली.

"आप्पा, मला कशापायी घेतलं त्यात?" आबांनी विचारलं. "माझा काय संबंध? मी नुसता उभा व्हतो."

"उभा व्हता म्हणून घेतलं. हजर आसंल त्याचं तोंड येणार, आबा. आपली ती रीतच हाय."

"आन् ती हजर न्हवती?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "तुमचा शब्द व्हता."

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "समदं गाव म्हणतंय, आवाज कोणाचा हाय कोण जाणे. वहिनींचं तोंड हाय, ट्रॅक्टरवाल्याचं हाय. माझी पोरगी येवढी जीव तोडून गाती, आन् तीच न्हाई." मग आवाज चढवून म्हणाले, "आता काय करायचं त्ये सांगा!"

"आता चाळ भरली, आबा."

"भरली तर भरली. कांद्यात उभी करा!"

दारातून ऋतुजा म्हणाली, "आबा, मग गाणं बंद करायचं, त्याचं काय?"

आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "आधी तोंड तर दिसू दे लोकांना. मग बंद करायचं का न्हाई ते लोक सांगत्याल." मग खालच्या आवाजात, "आन् मी बी सांगंन."

व्हिडिओचा जो शेवटचा शॉट सगळ्यांच्या बोलण्यात असतो, तो त्यानंतर घेतलेला आहे. पुण्याच्या चर्चेत एका हुशार मुलीनं मुद्दा मांडला की पूर्ण गाणंभर मोकळी असलेली चाळ शेवटच्या शॉटला छपरापर्यंत कांद्यानं भरलेली दिसते, म्हणजे पोकळीकडून भरलेपणाकडे असा हा प्रवास आहे. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "पोरीला बरोबर दिसलं की." घडलं ते मी वर लिहिलंच आहे. बारकाईनं बघणाऱ्याला आणखीही खुणा सापडतील. बाकीच्या व्हिडिओत उन्हाचे पट्टे आडवे आणि लांब आहेत, इथं ते आखूड आणि उभट आहेत, कारण वैशाखातलं ऊन वरून येतं. ऋतुजाच्या अंगात शर्ट कंपनीचा तोच आहे, पण कानातले वेगळे आहेत. ते माझ्या नजरेतून सुटलेले नाहीत. बदलायला सांगायला मी तोंड उघडलं होतं, आप्पांनी हातानं थांबवलं.

दोन्ही बाजूंना कांद्यांचे लालसर ढीग, मधल्या बोळात ऋतुजा, पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून. आप्पांनी आबांना कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, एका पालथ्या क्रेटवर बसवलं. ऋतुजानं विचारलं, "आप्पा, बघू कुठं? कॅमेऱ्यात?"

"त्ये तुझं तू ठरव."

स्पीकरवर गाण्याची शेवटची ओळ सुरू झाली. ती गायला लागली. अर्ध्या ओळीत तिची नजर कॅमेऱ्यावरून किंचित डावीकडे, किंचित खाली गेली, आणि तिचे ओठ थांबले. आवाज स्पीकरवर चालूच होता. ओठ मिटलेले, चेहरा समोर, आणि तिचाच आवाज चाळभर.

"कट!" मी म्हणालो. "ओठ बंद झाले. परत घ्यावं लागेल."

आप्पांनी कॅमेरा चालूच ठेवला. ओळ संपेपर्यंत, घुमारा विरेपर्यंत. मग डोळा काढून म्हणाले, "परत काय घ्यायचं? झालं की."

तांत्रिकदृष्ट्या ती चूक आहे. मी त्या दिवशी तसं म्हणालो आणि आजही म्हणतो. पण टेबलावर बसल्यावर तो शॉट कापायला माझा हात उठला नाही, हेही लिहिलं पाहिजे. आबा क्रेटवरून उठले होते. त्यांनी धोतराची धूळ झाडली आणि मुलीला म्हणाले, "एवढं मोठ्यानं गातीस, आन् खोलीवर जेवतीस का न्हाई नीट? वाळलीस की." ती हसली. ते हसू कॅमेरा बंद झाल्यावरचं, म्हणून व्हिडिओत नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आहे.

मी एकदा आप्पांना सरळ विचारलं, "आबांचं तोंड सुरुवातीला घेतलं तेव्हाच हे सगळं तुमच्या मनात होतं ना?"

"मी शब्द दिला व्हता, डाव न्हवता टाकला," ते म्हणाले. "रुसलेलं माणूस पहिलं घ्यायचं. ती रीत कोण मोडणार?"

मला हे उत्तर पुरतं. आप्पांचं सगळं काम त्यात येतं. त्यांची शैली म्हणजे माणसांशी वागायची त्यांची पद्धतच आहे; कॅमेरा नंतर हातात आला. दिलेला शब्द ते गैरसोयीचा झाला तरी पाळतात. पंगत उठल्याशिवाय जेवत नाहीत. आणि हजर असलेला माणूस 'नव्हता' असं कुणाला म्हणू देत नाहीत.

ऋतुजाचं गाणं बंद झालेलं नाही. स्थळं येतात; आबा पाहुण्यांना चहाआधी 'गेटपास' दाखवतात, शेवटच्या शॉटला हात वर करून सगळ्यांना गप्प करतात, आणि ज्यांना ते आवडत नाही त्यांना पोहे देऊन वाटेला लावतात. आप्पांच्या सत्काराच्या दिवशी 'बी शिफ्ट' वाजवणार आहे आणि त्याचं शूटिंग माझ्याकडे आहे. आप्पांनी मला आधीच बजावलं आहे, "स्टेज नंतर घे. आधी इचार, कोण रुसलंय." मी विचारलं आहे. सत्काराला उगाच एवढा खर्च कशाला, म्हणून स्वतः आप्पाच रुसले आहेत. तेव्हा त्या दिवशी पहिलं तोंड कुणाचं घ्यायचं, हे ठरलं.

आप्पा, चाळ दर उन्हाळ्यात भरते आणि थंडीपर्यंत मोकळी होते. तुम्ही असेच बोळातून वाकून चालत राहा; तुमची कंबर तेवढीच बळकट राहो, नजर तेवढीच बारीक राहो. अशा अजून पुष्कळ भरलेल्या चाळी तुमच्या डोळ्यांनी आम्हाला बघायच्या आहेत. आणि ओठ मिटले तरी कट म्हणायचं नाही, हे मी आता शिकतो आहे.